तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच माणसाची तिकिटं का?

टपाल तिकिटं जमवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या देशाची? मी देश धरून जमवत नाही, एका खोदकाराच्या हातची जमवते, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "एकाच माणसाची का? आणि तिकीट तर छापलेलं असतं, त्यात हात कुठून आला?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. आजची बरीचशी तिकिटं ऑफसेटवर छापतात. भिंगाखाली धरलीत तर चेहरा विरघळतो आणि रंगीत ठिपक्यांची जाळी उरते. खोदकामाचं तिकीट मात्र भिंगाखाली उलगडत जातं. खोदकार मऊ पोलादाच्या तुकड्यावर, तिकिटाच्याच मापात, चित्र आरशातल्यासारखं उलटं कोरतो. चुकीची रेघ रबराने पुसता येत नाही. मग ते पोलाद कडक करतात आणि त्यावरून छपाईची प्लेट तयार होते. शाई खाचांत भरतात, वरची पुसून काढतात आणि कागद जोरात दाबतात. खाच जितकी खोल, तितकी शाई जाड. तिकीट उजेडात तिरकं धरा, शाईचे उंचवटे दिसतात.

मी ज्यांच्या मागे आहे ते चेस्वाव स्वानिया. जन्म १९२१, पोलंडमधला. शिक्षण क्राकुफच्या कला अकादमीत. पोलिश चित्रकार यान मातेयको यांचं 'ग्रुनवाल्डची लढाई' हे चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद आहे, माणसांनी आणि घोड्यांनी खच्चून भरलेलं. स्वानियांनी विद्यार्थिदशेतच ते कोरून काढलं! त्यांचं पहिलं तिकीट पोलंडसाठी, १९५१ सालचं. १९५६ मध्ये ते स्वीडनला गेले आणि पुढे तिथल्या टपाल खात्याचे खोदकार झाले. १९७२ मध्ये स्वीडनच्या राजदरबाराचे खोदकार म्हणून मान मिळाला. डेन्मार्क, मोनॅको, अशा कितीतरी देशांसाठी त्यांनी काम केलं. २००० साली त्यांचं हजारावं तिकीट निघालं: चित्रकार एरेनस्ट्राल यांच्या सतराव्या शतकातल्या चित्रावरचं, स्वीडनच्या राजांच्या पराक्रमाचं. स्वानिया २००५ मध्ये वारले.

हजार हा आकडा लोकांना भारी वाटतो. मला मात्र त्यांच्या माणसांच्या चेहऱ्यांनी धरून ठेवलंय. डेन्मार्कच्या तेव्हाच्या राणी मार्गारेथे यांचं त्यांनी कोरलेलं तिकीट घ्या. गालावर बाह्यरेषा शोधू नका. सावलीकडून बारीक तुटक रेघा येतात, त्या आखूड होत होत नुसते ठिपके होतात आणि उजेडाच्या जागी काहीच उरत नाही. तो उजेड म्हणजे कोरा कागद. पांढरी शाई नसतेच, त्यामुळे कुठे थांबायचं हे हाताला आधीच ठाऊक असावं लागतं. आता शेजारी स्वीडनचे वृद्ध राजे गुस्टाफ सहावे आडोल्फ ठेवा. तोच हात, पण इथे रेघ वयाच्या वळणाने जाते. दोघांचे चेहरे एकाच साच्यातले वाटत नाहीत.

म्हणूनच एका माणसाचा संग्रह. देशाच्या संग्रहात रकाने भरायचे असतात, एखादी जागा रिकामी राहिली की चुटपुट लागते. एका हाताचा संग्रह करताना मी तेच तिकीट पुन्हा पुन्हा बघते आणि दर वेळी काहीतरी नवं सापडतं. दुर्मीळ आहे का, भाव किती, हे विचारणारेही भेटतात. स्वानियांची पुष्कळ तिकिटं रोजच्या टपालासाठी निघाली होती, त्यामुळे ती सहज मिळतात. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. इतकं नाजूक काम लोकांनी पाकिटावर चिकटवून पत्रं पाठवली, हे मला फार आवडतं.

शिक्का बसलेलं तिकीट मी शक्यतो टाळते. जुन्या पत्राचा अभ्यास करणाऱ्याला शिक्का हवा असतो, मला मात्र तो नेमका डोळ्यावर येऊन बसलेला सहन होत नाही.

तुम्हाला बघायचंच असेल तर रंगीबेरंगी तिकिटापासून सुरुवात करू नका. एकाच रंगातलं, एका माणसाच्या चेहऱ्याचं तिकीट घ्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आधी डोळ्यांखालची जागा बघा.