आधी यादी, मग स्कॅनर

विद्यापीठाचा सुवर्ण किंवा अमृतमहोत्सव जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो: ‘रेकॉर्ड रूममध्ये जुने कागद पडलेत, ते स्कॅन करून घेतले की अभिलेखागार झालं ना?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगायचं, तर नाही झालं. स्कॅनरची पाळी जवळजवळ शेवटी येते.

सुरुवात कशाचीही जागा न हलवता करायची. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, बांधलेलं आहे आणि अभ्यासक संदर्भ देतात तोही रुमालाच्या क्रमांकाने. त्यातलं शहाणपण विद्यापीठालाही लागू पडतं. कागदाचा अर्थ पुष्कळदा शेजारच्या कागदात असतो. एखादं पत्र सुटं काढून ‘महत्त्वाची पत्रं’ नावाच्या फायलीत घातलं, की ते कोणत्या ठरावामुळे आलं आणि त्यावर कुणी काय शेरा मारला, हे पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून आधी प्रत्येक कपाटाचा फोटो घ्या, मग कपाट, कप्पा, गठ्ठा असा क्रमांक द्या. यादीत एका गठ्ठ्याला एक ओळ पुरते: विभाग, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, जाडी, अवस्था. क्रमांक मऊ पेन्सिलीने घाला, पेनची शाई ओल लागली की फुटते. नावाचे रकाने मात्र दोन ठेवा, तेव्हाचं आणि आताचं. पुणे विद्यापीठ 1949 चं, पण ‘सावित्रीबाई फुले’ हे नाव 2014 पासूनचं. एकच रकाना असेल तर शोधणाऱ्याला अर्धंच सापडतं.

सिनेट आणि विद्या परिषदेची इतिवृत्तं, पदवीधरांच्या नोंदवह्या, छापील कॅलेंडरं (म्हणजे विद्यापीठाच्या नियमांची वार्षिक पुस्तकं), इमारतींचे नकाशे हे कायम ठेवायचं. प्रवासभत्त्याची बिलं मुदत संपली की रीतसर बाद करा. सगळंच ठेवू म्हणणारा शेवटी काहीच नीट ठेवत नाही.

आता एक फाईल उघडून बघा. डाव्या कोपऱ्यात गंजलेली टाचणी असेल, तिच्याभोवती तपकिरी कडं. ती ओढू नका, कागदाचा कोपरा तिच्याबरोबर येईल. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, गंज सुटला की टाचणी हळूच वर उचला. फाटलेल्या जागी सेलोटेप लावायचा मोह टाळाच. त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग उरतो. जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरा, ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. लॅमिनेशन सोडवता येत नाही, म्हणून ते कधीच नको. उष्णतेने छापणाऱ्या गुळगुळीत कागदावरचे जुने फॅक्स दिसले तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, त्यावरची अक्षरं आपोआप उडतात.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, कागद खाणारी कसरही दमटातच वाढते. शंभर-दोनशे डांबरगोळ्या टाकल्याने यातलं काही थांबत नाही, फक्त काम करणाऱ्याचं डोकं दुखतं. त्याहून वाईट म्हणजे दिवसा एसी आणि रात्री बंद. थंड झालेल्या भिंतींवर रात्री दमट हवा येते आणि पाणी सुटतं. एसी चोवीस तास परवडत नसेल तर तो नकोच, त्यापेक्षा आर्द्रतामापक, पंखे आणि भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून उंच रॅक बरे. बुरशी लागलेला गठ्ठा वेगळ्या खोलीत वाळवा, मास्क लावून मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने पुसू नका.

इतकं झालं की स्कॅनर. मजकुराला 300 डीपीआय (एका इंचातले ठिपके), फोटोंना 600. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान 300 वर टिफमध्ये, म्हणजे न आवळलेल्या चित्र-फाईलमध्ये, सुमारे 26 एमबी होतं, म्हणजे दहा हजार पानांना साधारण 260 जीबी, आणि प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. फाईलचं नाव ‘स्कॅन001’ नको, यादीतला क्रमांकच द्या. आणि मूळ कागद रद्दीत घालू नका. नव्वदच्या दशकातल्या संगणकावरच्या फायलींना वेगळीच गोम आहे: श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मराठी मजकूर तो फॉन्ट नसला की निव्वळ चिन्हांचा काला दिसतो. युनिकोड प्रत करा, मूळ फाईलही ठेवा.

कार्यालयीन फायलींत विद्यापीठाची एकच बाजू सापडते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै 1978 मध्ये केला, नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या सोळा वर्षांतली पत्रकं, सायक्लोस्टाइल केलेली निवेदनं, मोर्चाचे फोटो हे कुठल्याही आवक-जावक रजिस्टरात मिळणार नाहीत, ते घराघरांतल्या ट्रंकांत असतात. महोत्सवाच्या स्मरणिकेत असली पानं अवघड वाटतात, म्हणून कुणी मागायला जात नाही. जा. पावती द्या, अटी लिहून घ्या, हवं तर मूळ परत करून स्कॅन ठेवा.

प्रदर्शनात मात्र छापलेल्या प्रतीच लावा. मूळ कागद दाखवायचाच असेल तर प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवा, पेटी खिडकीसमोर नको, आणि महोत्सव संपला की तो त्याच गठ्ठ्यात, त्याच दोन कागदांच्या मध्ये परत गेला पाहिजे.