तुम्ही विचारलंत म्हणून : मेळघाट सोडून मलावीत कशाला?

"सोनोग्राफीच शिकवायची तर मेळघाटात शिकवा की. आपल्या बायकांनी काय पाप केलंय?" हा प्रश्न मला कॉन्फरन्सला जेवणाच्या रांगेत विचारला गेलाय, लग्नाच्या मांडवात विचारला गेलाय, आणि परवा धाकट्या जावेनं चहाचा कप पुढे करता करता विचारला. आजवर "जमतं तिथे जाते" म्हणून मी विषय संपवत आले. त्यानं विचारणाऱ्याचं समाधान झालं नाही, आणि माझंही नाही.

आधी सरळ गोष्ट सांगते. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेला, झोम्बा शहराच्या आसपासच्या आरोग्य केंद्रांत मी जे करते ते मेळघाटात केलं तर तो गुन्हा ठरेल. तिथे मी सुईणीच्या हातात प्रोब, म्हणजे सोनोग्राफीसाठी पोटावर फिरवायचं उपकरण, देते. नर्सिंग आणि मिडवायफरी शिकलेली, त्या केंद्रावर बारा महिने राहणारी बाई. पोटात एक आहे की दोन, ठोके लागतायत का, डोकं खाली आहे, पायाळू आहे की मूल आडवं आहे, वार कुठे चिकटलीय, आणि डोक्याच्या व मांडीच्या हाडाच्या मापावरून कितवा आठवडा चालू आहे. एवढं तिला नीट आलं की बाईला कधी हलवायचं आणि कुठे हलवायचं, हे कळा सुरू होण्याआधी ठरवता येतं. आपल्याकडे १९९४चा पीसीपीएनडीटी कायदा, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा, हे करू देत नाही. सोनोग्राफी पात्र डॉक्टरनंच करायची आणि नोंदणी झालेल्या जागेतच करायची. २०१२च्या दुरुस्तीनंतर एका डॉक्टरला जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर काम करता येतं. पोर्टेबल मशीन गाडीत टाकून शनिवार-रविवार चिखलदऱ्याला शिबिर घ्या, असं मला किती भल्या माणसांनी सुचवलं असेल. माझ्या सेंटरवर नोंदलेलं मशीन असं उचलून नेलं तर ते सील होईल, आणि व्हायलाच हवं.

"व्हायलाच हवं" हे मी मनापासून म्हणतेय. मी बीड जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. २००१च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ला ८०७ उरल्या. ते सगळं दशक मी याच खुर्चीत काढलंय. "पेढा की बर्फी, एवढंच सांगा मॅडम," असं म्हणणाऱ्या सासवांना दाराबाहेर काढलंय. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्यानं भरावा लागणारा फॉर्म एफ भरताना आधीची अपत्यं विचारावी लागतात, मुलगे किती, मुली किती. मुली दोन, मुलगा शून्य असं लिहिलं की माझा हात थबकतो. समोर बसलेली बाई काहीच बोललेली नसते. तरी तिच्यावर, तिच्या नवऱ्यावर, बाहेर बाकावर बसलेल्या सासऱ्यावर माझी नजर जाते. आणि त्याच वेळी तपासणी पथक माझ्या रजिस्टरकडे त्याच नजरेनं बघत असतं. दोन्ही नजरा योग्यच आहेत. पण रोज त्यात राहून बघा.

म्हणून कबूल करते. पहिल्यांदा निघताना मी सगळ्यांना "तिकडे गरज आहे" असं सांगितलं होतं. गरज होतीच, पण ते अर्धंच खरं होतं. बाई पोट उघडून झोपलीय आणि खोलीत कुणाचाच कुणावर संशय नाही, अशी सोनोग्राफी मला एकदा करून बघायची होती. ही सेवा नव्हे, हा थकवा आहे, असं तेव्हाच मनात कुणीतरी म्हणत होतं. आज मी त्या आवाजाला सांगते की थकलेल्या माणसालाही शिकवता येतं, आणि मी शिकवलेल्या सुईणी माझ्याशिवाय काम करतायत. तो आवाज मात्र गप्प बसलेला नाही.

आता त्या दुपारबद्दल. हे मी अजून घरीही नीट सांगितलेलं नाही.

खोली लहान, पत्र्याची, तापलेली. खिडकीला पडदा म्हणून चितेंजे बांधलं होतं, तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड. प्रोब जोडायचा टॅबलेट सौरऊर्जेवर चार्ज केलेला. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी सात महिन्यांच्या एका बाईला तपासत होती. बाईची आई उशाशी उभी होती, कारण तिकडे पेशंटचं सगळं करायला घरचं माणूस बरोबर राहतंच. सगळी मापं बरोबर आली. डोकं खाली, वार वरच्या बाजूला. मी मान हलवली. तेवढ्यात बाईनं काहीतरी विचारलं, सुईणीनं हसत प्रोब जरासा वळवला आणि म्हणाली, "म्वाना वामकाझी." मुलगी.

आजीनं टाळ्या वाजवल्या, जिभेनं तो लांबलचक आनंदाचा आवाज काढला. आणि मी सुईणीच्या हातातून प्रोब काढून घेतला होता. कधी घेतला ते मलाही कळलं नाही. जेलनं हात बरबटलेला, प्रोब माझ्या मुठीत, आणि खोलीत सगळ्या माझ्याकडे बघतायत.

"माझं माप चुकलं का, मॅडम?" तिनं विचारलं.

मग सांगावंच लागलं. मी इंग्रजीत सांगत गेले, ती तिथल्या चिचेवा भाषेत सांगत गेली. माझ्या जिल्ह्यात हे सांगितलं तर तुरुंगवास होतो. का होतो? कारण मुलगी आहे म्हटल्यावर ती पाडली जायची. आजीनं सुईणीला पुन्हा विचारलं. सांगण्यात काही गफलत झाली असं तिला वाटलं. तसं नाही हे कळल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "मग त्यांची जमीन कुणाला जाते?" त्या भागात बऱ्याच घरांत वंश आईकडून चालतो. जमीन आईकडून मुलीला जाते, आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. मुलगीच झाली नाही तर त्या घराला चिंता पडते. आपल्याकडची रीत मी कशीबशी समजावली. तिनं ऐकून घेतलं आणि दुसरा प्रश्न विचारला, "पण पोटात मुलगी आहे हे त्यांना सांगायचं कोण?"

मी म्हटलं, "डॉक्टर. माझंच शिक्षण घेतलेले."

गर्भातली मुलगी नको असणारी घरं मी आयुष्यभर बघितली. पण त्या आजीच्या प्रश्नापर्यंत मी सासूलाच आरोपी धरत आले होते. पैसे घेऊन सांगणारे माझ्या व्यवसायातले होते, हे मला काय ठाऊक नव्हतं? होतं. पण एका अनोळखी बाईसमोर, तिच्या नातीच्या ठोक्यांचा आवाज चालू असताना, ते तोंडानं उच्चारावं लागणं वेगळं.

संध्याकाळी सुईण माझ्याशी भांडली. तिचं म्हणणं, बाईचं पोट, बाईचं मूल, तिला कळायलाच हवं. तुमच्या देशातल्या पापाची शिक्षा आमच्या बायांना कशाला? मी म्हटलं, आमच्याकडेही हे मशीन आधी व्यंग बघायला म्हणूनच आलं होतं. रीतीभाती बदलतात, मशीन तिथेच राहतं. ती म्हणाली, म्हणजे तुमचा आमच्यावर विश्वास नाही. तेव्हापासून ती सांगते, मी सांगत नाही. माझ्या हातात प्रोब असला की तिथल्या बायांना वाटतं, या डॉक्टरला एवढंही दिसत नाही.

तुमच्यातले काही म्हणतात, नुसतं दिसून उपयोग काय? खरंय. एका बाईची वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्याचं आम्हाला तीन आठवडे आधी कळलं होतं. रक्तस्राव सुरू झाला त्या रात्री रुग्णवाहिकेत डिझेल नव्हतं. काबाझावर, म्हणजे सायकल टॅक्सीवर बसवून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. मोठ्या रुग्णालयात क्लिनिकल ऑफिसरनं, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण अशा शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसानं, सिझेरियन केलं. बाई वाचली, मूल गेलं. आता अशा बाईला रुग्णालयाजवळच्या प्रतीक्षागृहात आधीच राहायला पाठवतो. पण घरी चार पोरं टाकून ती तीन आठवडे कशी राहणार, याचं उत्तर ना माझ्या प्रोबकडे आहे ना माझ्याकडे.

राहिलं मेळघाट. कायदा सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण २०१४च्या नियमांत एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन सोनोग्राफीसाठी तयार करण्याची सोय आहे. दुर्गम तालुक्यांतल्या सरकारी डॉक्टरांना मी विनामोबदला शिकवेन, असं संबंधित कार्यालयाला लेखी कळवलंय, पुन्हा आठवणही केलीय. उत्तर नाही. उत्तर आलं तर अर्थातच जाईन. त्या वर्षी मलावीचं तिकीट काढेन की नाही, हे मात्र मला आज सांगता येत नाही.