यूएसबी-डीएमएक्स अडॅप्टर, रास्पबेरी पाय आणि एकदाचे ऐकू लागलेले दिवे

आत्ताची स्थिती: रास्पबेरी पायवरून (छोटा संगणक) एलईडी पार जातीचे स्टेजचे दिवे व्यवस्थित चालतायत, फेडसकट (प्रकाश हळूहळू कमी-जास्त होणं). मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. पाय चालू केला की ओएलए, म्हणजे दिवे चालवणारं सॉफ्टवेअर, आपोआप उठतं.

यूएसबीतून डीएमएक्स, म्हणजे दिव्यांना तारेवरून आकडे पाठवायची पद्धत, काढणारा अडॅप्टर साध्यातला आहे. आत एफटी२३२आर ही यूएसबी-सीरियल चिप, पुढे तारेवर सिग्नल सोडणारा आरएस-४८५ ड्रायव्हर, संपलं. ‘प्रो’ जातीच्या अडॅप्टरमध्ये मायक्रोकंट्रोलर असतो. त्याला नुसते आकडे द्यायचे, फ्रेम (सगळ्या चॅनलच्या आकड्यांचा एक संच) पाठवत राहणं त्याचं काम. इथे ते सगळं पायच्या गळ्यात.

जोडल्याबरोबर ०४०३:६००१ हा चिपचा यूएसबी ओळख क्रमांक दिसतो, कर्नल सीरियल ड्रायव्हर चढवतो, टीटीवाययूएसबी० हे पोर्ट तयार. बघून हायसं वाटतं, पण खरी गंमत पुढे आहे. ओएलएमध्ये असल्या अडॅप्टरसाठी तीन प्लगइन आहेत. ‘यूएसबी सीरियल’ हे प्रो जातीसाठी; ओपन डीएमएक्सला वेगळं कर्नल मॉड्यूल लागतं; आपल्याला हवं ते एफटीडीआयचं (चिप बनवणारी कंपनी), जे लिबएफटीडीआय लायब्ररीमधून थेट चिपशी बोलतं. सीरियल प्लगइन चालू राहिलं तर ते पोर्ट उघडून ‘तू कोण?’ विचारत बसतं, आणि या अडॅप्टरकडे उत्तर द्यायला डोकंच नाही. म्हणून पहिली दोन बंद, तिसरं चालू, तिन्हींच्या कॉन्फ फायलींत. ओएलए रूट म्हणून चालत नाही, तेव्हा सुडोची पळवाटही नाही. लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणाऱ्या यूडेव्हच्या नियमात परवानगी द्यावी लागते. मग ओएलएच्या ९०९० पोर्टवरच्या वेब पानात युनिव्हर्स (५१२ चॅनलचा एक गट) बनवून अडॅप्टर जोडायचा.

दिवे लागले, पण फेड करताना गचके. इथे हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. डीएमएक्स५१२चा वेग सेकंदाला २,५०,००० बिट, म्हणजे एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा. एक स्टार्ट, आठ डेटा आणि दोन स्टॉप असे ११ बिट मिळून एका चॅनलला ४४ मायक्रोसेकंद. ५१२ चॅनल आणि सुरुवातीचा स्टार्ट कोड धरून ५१३ खाने, म्हणजे साधारण २२.६ मिलिसेकंद, वर ब्रेक (नवी फ्रेम सुरू होतेय हे सांगणारी खूण). मानकातली सेकंदाला ४४ फ्रेमची कमाल येते ती यातूनच. पण तिथे ब्रेक ९२ मायक्रोसेकंदांइतका छोटा धरलाय. आपल्याकडे ब्रेक लावणं आणि सोडणं हे यूएसबीवरून जाणारे वेगवेगळे आदेश, त्यामुळे तो सहज मिलिसेकंदाच्या घरात जातो. लांब ब्रेकबद्दल दिव्यांची तक्रार नसते, फक्त फ्रेमसाठी वेळ उरत नाही. फ्रिक्वेन्सी सेकंदाला ३० फ्रेमवर आणली, दर फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळाले, गचके गेले. वेगाचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही. ३०ला फेड डोळ्याला सलग दिसतो.

शेवटच्या पार दिव्याला टर्मिनेटर लावलाय: पिन २ आणि ३च्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर. केबल छोटी असेल तर त्याच्याविनाही भागतं, पण एका रेझिस्टरसाठी कशाला कंजुषी?

पुढचं काम ई१.३१ (नेटवर्कवरून डीएमएक्स पाठवायची पद्धत) इनपुटचं. लॅपटॉपवरच्या क्यूएलसी प्लस या दिवे चालवायच्या सॉफ्टवेअरमधून नेटवर्कवर सिग्नल सोडायचा आणि पायने तो याच अडॅप्टरवर उतरवायचा.