विहिरीकडचे वीस गुंठे

सर्व्हर डाऊन झाला नसता तर त्या दिवशी बाराच्या आत सगळं आटपलं असतं, आणि एका बाईचं सातबाऱ्यावरचं नाव माझ्या डोळ्यांदेखत गेलं असतं.

मे 2025 मधली गोष्ट. करवीर तालुक्यातलं, भोगावतीकाठचं कुटुंब. वडील वारून चौदा महिने झाले होते. रखडलेली वारस नोंद ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत एकदाची लागली आणि मयताच्या जागी चार नावं चढली: आई, मुलगा, दोन मुली. आता मुलाला तिघींकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं होतं. मसुदा माझ्या एका सहकाऱ्याने केला होता. त्याला कोर्टात थांबावं लागलं म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात मी गेले. कागद हातात पडला तो तिथल्या बाकड्यावरच.

मुलगा लबाड नव्हता, हे आधी सांगते. अशा हकिगतीत भावाला चोर ठरवून मोकळं व्हायची आपल्याला सवय लागली आहे. त्याची अडचण खरी होती. सेवा सोसायटीत सचिवाने सांगितलेलं, उताऱ्यावर चार नावं आहेत, चौघांच्या सह्या आणा, मगच पीककर्ज. थोरली गडहिंग्लजला, धाकटी इचलकरंजीला. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर बिनव्याजी पडतं. ते हुकलं की खतासाठी, लावणीसाठी बाहेर हात पसरायचे. कारखान्याकडची उसाची नोंदही अजून वडिलांच्याच नावावर. “मॅडम, दरवर्षी ह्या सगळ्यांना कुठं गोळा करत फिरू?” असं तो म्हणाला, त्यात काही खोट नव्हती.

मी कागद वाचायला घेतला. लिहून घेणार मुलगा, लिहून देणार आई आणि दोन्ही बहिणी. “स्वखुशीने, विनामोबदला.” तिसऱ्या पानावर नेहमीची ओळ, सदर मिळकतीत आमचा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही. आईचा अंगठा त्या ओळीखाली उठायचा होता.

ही ओळ मी स्वतः कितीतरी कागदांत लिहिली आहे. 2011 साली एका घराचं असंच हक्कसोडपत्र मी केलं. आई मुलाशेजारी बसली होती. मी विचारलं, “सगळं मान्य आहे ना?” तिने मान हलवली. मला तेवढं पुरलं. दोन वर्षांनी ती एकटीच माझ्या ऑफिसात आली, हातात उतारा. सुनेशी भांडण होऊन घराबाहेर पडलेली. “बाई, माझं नाव कुणी पुसलं?” तिला अजून वाटत होतं की जमिनीत आपण आहोत. पुसणारी मी होते. आईला सांभाळायची अट कागदात घातली असती, तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 खाली प्रांताकडे दाद मागता आली असती. ती एक ओळ मी लिहिलीच नव्हती. पुढे ती लेकीकडेच राहिली. तेव्हापासून घरातल्या म्हाताऱ्या बाईशी एकटीने बोलल्याशिवाय मी तिचा अंगठा उठू देत नाही.

सर्व्हर बंद पडल्यावर मुलगा चहा सांगायला गेला, बहिणी बाकड्यावरच थांबल्या. मी आईला जिन्याखाली सावलीत घेऊन गेले.

“मावशी, कागदात काय लिहिलंय ठाऊक आहे का?”

“पोराच्या नावावर करायचं हाय न्हवं? करू दे की. त्योच राबतोय.”

“आणि तुमचं नाव?”

“माझं ऱ्हातंय की.”

“नाही राहत, मावशी. हा अंगठा दिला की तुमचं नाव कमी होणार.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “पर माझ्याकडं कागूद हाय.”

कनवटीला खोचलेली पुडी तिने सोडली. धुतलेली दुधाची पिशवी, तिच्यात चार घड्या घातलेलं पान. दूध संस्थेच्या पुस्तकाचं शेवटचं पान होतं ते. वरच्या अंगाला सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट असे छापील रकाने, आणि रिकाम्या जागेत निळ्या बॉलपेनाने, दाबून लिहिलेलं अक्षर: “माज्या मागं विहिरीकडचं वीस गुंटं हिचं. ही हाय तवर कुणी हात लावायचा न्हाई.” खाली सही आणि तारीख. घड्यांवर शाई फिकी झाली होती. पान उलगडताना कुठं थांबायचं ते तिच्या बोटांना पाठ होतं.

साक्षीदारांच्या सह्या मी शोधल्या. एकही नव्हती.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दुधाच्या पुस्तकाचं पानही चालतं. पण लिहिणाऱ्याची सही पाहिलेले दोन साक्षीदार हवेत आणि त्यांनीही सही केलेली हवी. त्यावाचून तो कागद कोर्टात उभा राहत नाही. आमच्याकडची माणसं तालुक्याच्या राजकारणावर रात्र जागवतील, पण दोन शेजाऱ्यांना बोलावून आपल्या मागची व्यवस्था लिहायची म्हटली की जिभेला कुलूप लागतं, जणू लिहिलं की मरण दारात येणार. ह्या माणसाने निदान लिहिलं तरी होतं. बायकोसाठी, गुपचूप, अर्ध्या रीतीने.

हे तिला सांगताना मला जड गेलं. चौदा महिने तिने तो कागद जपला होता. ती म्हणाली, “म्हंजे ह्याला काय किंमत न्हाई?”

“कायद्यात नाही. पण मावशी, तुम्हाला ह्याची गरजच नाही.”

मग तिच्यासमोरच उताऱ्याच्या पाठीमागे हिशेब मांडला. क्षेत्र 0 हेक्टर 93 आर, म्हणजे 2 एकर 12 गुंठे, 92 गुंठे. जमीन वडिलोपार्जित. नवरा हयात असताना वाटणी झाली असती तर पाच हिस्से पडले असते: नवरा, बायको, मुलगा, दोन मुली. नवऱ्याचा पाचवा हिस्सा त्याच्या मागे चौघांत समान. म्हणजे बायकोचा स्वतःचा पाचवा आणि वर विसावा, मिळून चौथा. जमीन त्याने स्वतः घेतलेली असती तरी विधवा, मुलगा, मुली समान वारस, म्हणजे चौथाच. 92 चे चार भाग.

“तेवीस गुंठं,” मी म्हटलं.

तिने बोटांवर मोजलं. “त्यांच्यापेक्षा तीन जास्तच की.” आणि डोळ्याला पदर लावला.

थोड्या वेळाने आवाज घट्ट करून म्हणाली, “मग मी अंगठा उठवत न्हाई. पर त्याला तुमीच सांगा. मी सांगितलो तर त्याला वाटंल, आईचा इस्वास न्हाई.”

मी मुलाला सांगितलं आणि तिच्या परवानगीने पान दाखवलं. तो भांडेल अशी माझी तयारी होती. त्याने पान दोनदा वाचलं, अक्षरावर अंगठा ठेवला आणि मोटारसायकलीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा एवढंच विचारलं, “आबांनी मला का सांगितलं न्हाई?” ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, त्याच्या आईकडेही नव्हतं.

मग बहिणींचा विषय. थोरली म्हणाली, “माझं मी सोडतो, सणाला न्यायला तेवढं ये.” धाकटी आधी काही बोलेना. तिच्या नवऱ्याचा यंत्रमागावरचा रोजगार हप्त्यागणिक कमीजास्त होणारा. शेवटी म्हणाली, “दादा, मी आज सोडत न्हाई. राग मानू नको.” भावाने मान खाली घातली. मी तिला सांगितलं की मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने आहे, 2020 साली सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला आहे, आणि ‘नाही’ म्हणताना तिने माफी मागायची गरज नाही. माहेर तुटेल ह्या भीतीने झालेल्या किती सह्या मी पाहिल्या आहेत! त्यातल्या किती खरोखर स्वखुशीच्या होत्या, हा प्रश्न मला रात्री छळतो.

सर्व्हर चारच्या सुमारास आला. आमचा एकही कागद त्या दिवशी नोंदला गेला नाही.

थोरलीचं हक्कसोडपत्र भावाच्या लाभात पुढच्या आठवड्यात झालं. मग जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप: मुलगा 46, आई 23, धाकटी 23. बागायतीला तुकडेबंदीची मर्यादा 10 गुंठ्यांची, त्यामुळे अडलं नाही. अडलं ते पाण्यावर. विहीर आईच्या वाट्यात आली. मोटारीचं कनेक्शन वडिलांच्या नावावर. पाण्याची पाळी कुणाची कधी, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, उसाची ट्रॉली निघेल एवढी वाट कुठल्या बांधावरून, हे सगळं लिहून घ्यायला तीन बैठका गेल्या. गुंठे वाटणं सोपं असतं. ज्यांनी गुंठे लिहिले आणि वाट लिहिली नाही, अशांचे दावे मी वर्षानुवर्षं चालवते आहे.

कर्जाचंही जमलं. आई स्वतः सोसायटीची सभासद झाली, आपल्या तेवीस गुंठ्यांवर तिने आपल्या नावाने कर्ज उचललं आणि पैसे लेकाच्या हातात दिले. शेत आजही तोच करतो, सगळं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती माझ्या ऑफिसात आली. सोबत भावकीबाहेरची दोन माणसं, एक शेजारीण आणि एक निवृत्त मास्तर, दोघंही तिच्यापेक्षा वयाने लहान. दवाखान्यातून डॉक्टरांचा दाखलाही आणला होता. दोघांना तिने माझ्या टेबलासमोर ओळीने बसवलं.

“बाई, माझंबी लिवून घ्या,” ती म्हणाली. “आणि ह्या दोघांनी बघितल्याशिवाय मी अंगठा उठवणार न्हाई.”