मेल्यावरचं काम

काल रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या रात्रभरच्या नाटकात, अभिमन्यू होऊन चक्रव्यूहात मी पडलो, दोघांनी उचलून पडद्यामागे आणलं आणि धाप बसायच्या आत कंपनीचे मालक म्हणाले, "तुझा काम झाला. मुकुट दी इकडे आणि जरा पड." मुकुट गेला तो थेट जयद्रथाच्या डोक्यावर. आतली पट्टी माझ्या घामाने ओलीच होती.

मुकुट कमी आहेत, कळतं मला. तरी लागलं. त्याहून 'काम झाला' हे लागलं. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. मालक आख्यान सांगतात, बाकी बाकड्यापुढे उभं राहून ज्याचं त्याने बोलायचं. अभिमन्यू मी असा बोलून बोलूनच उभा केलाय. तो पडतो तेव्हा रात्र अर्धीही सरलेली नसते. पुढे सगळे गर्जतात आणि मी पेटाऱ्याला टेकून खोबरेल लावून रंग पुसतो. आईचा फोन येऊन गेला होता, पुन्हा तेच मुंबईच्या नोकरीचं. त्याबद्दल आज नको.

झोप लागेना, म्हणून ऐकत राहिलो. जिंकू किंवा मरू अशी शपथ घेतलेल्या संशप्तकांशी लढून अर्जुन छावणीत परतला. काल त्याने नेहमीची वाक्यं टाकूनच दिली. "आज हसत सामोरा कोण आला नाही?" एवढंच म्हणाला आणि थांबला. पखवाजही थांबला. समोर बायकांनी डोळ्यांना पदर लावला, माझ्यासाठी, आणि मी इथे एका गालाचा रंग पुसून बसलेला! मग प्रतिज्ञा: उद्या सूर्य मावळायच्या आत जयद्रथ, नाहीतर अग्निप्रवेश.

हे सगळं मला पाठ आहे, पण मेल्यावर नीट ऐकलं ते कालच. युद्धाच्या चौदाव्या दिवशी अर्जुन लढला तो त्या पोरासाठी. कृष्णाला सूर्य झाकावा लागला तोही त्याच्यापायी. त्या दिवशी सूर्यास्तानंतरही युद्ध थांबलं नाही, आणि रात्री घटोत्कच गेला. कर्णाने अर्जुनासाठी जपलेली शक्ती त्याच्यावर खर्ची पडली; पुढे अर्जुन जगला तो त्यामुळे. घटोत्कचाचं काम करणाऱ्यालाही कोणी 'जरा पड' म्हणत असेल का?

आणि उत्तरेच्या पोटातला परीक्षित. अश्वत्थाम्याच्या अस्त्राने पांडवांचा वंशच बुडायचा, कृष्णाने तो राखला. धर्मराजानंतर गादीवर बसला तो अभिमन्यूचा मुलगा. त्याचा मुलगा जनमेजय, आणि त्याच्याच सर्पसत्रात वैशंपायनांनी अख्खं भारत सांगितलं. समोर बसून ऐकणारा अभिमन्यूचा नातू! पहाटे खेळ संपून दहीहंडी फुटेपर्यंत मी हाच विचार करत होतो.

तरी दुखायचं ते दुखतंच. कुठल्याही गावच्या जत्रेत गेलो तरी मला तेराव्याच दिवशी मरायचंय. पण राग निवळलाय. मी पडताना जे बोलेन, तेच धरून पुढे अर्जुनाला रडायचं असतं. तेवढं तर माझ्या हातात आहे.

आज रात्री वेंगुर्ल्याकडे दहिकालो, म्हणजे दशावताराचा खेळ. पडताना उत्तरेच्या बाळाविषयी दोन वाक्यं घालायची आहेत. मालक नको म्हणणार नाहीत, फार तर "लांबड लावू नको" म्हणतील. पहिलं वाक्य जमलंय, दुसरं अजून अडतंय. अर्जुनालाच विचारतो, तो जेवून उठला की.