बेचाळीस पाहुणे आणि एक तपकिरी कण

पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण संपवून जे-वन व्हिसावर वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी मी अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात रुजू झालो, तेव्हा नाश्त्याच्या यादीत ‘बिस्किट्स अँड ग्रेव्ही’ हे शब्द वाचून मी मनोमन ग्लुकोजच्या बिस्किटांवर कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही ओतलेली पाहिली आणि या माणसांची मला कीव आली. पहिल्याच सकाळी गैरसमज दूर झाला. तिथले बिस्किट म्हणजे बेकिंग पावडर आणि ताकावर फुगवलेला, बाहेरून खुसखुशीत आणि आतून पापुद्र्यापापुद्र्यांचा मऊ, खारा पाव. आणि ग्रेव्ही म्हणजे डुकराच्या सॉसेजची सुटलेली चरबी, त्यातच परतलेला मैदा, दूध आणि डोळ्यांना दिसेल इतकी भरड काळी मिरी. लाकूडतोड्यांच्या छावण्यांमध्ये आणि लाकडाच्या गिरण्यांवर ती खाल्ली जाई, म्हणून तिला सॉमिल ग्रेव्ही असेही म्हणतात. पिठले-भाकरीचे जे स्थान आपल्याकडे, तेच या जोडीचे तिकडे.

मे महिन्यातल्या एका रविवारी लग्नासाठी उतरलेल्या बेचाळीस पाहुण्यांना हाच नाश्ता हवा होता, मात्र मांसाचा अंशही नको होता. हे कुटुंब सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे. चॅटनूगाला लागूनच कॉलेजडेल नावाचे गाव आहे. तिथे या पंथाचे विद्यापीठ असल्यामुळे आमच्या भागात त्यांची वस्ती बरीच. डुकराचे मांस त्यांना वर्ज्य असते आणि त्यांच्यातली पुष्कळ मंडळी पूर्ण शाकाहारी असतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ते शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळतात, त्यामुळे वधूची आई चव पाहायला शुक्रवारी दुपारीच आली. आमच्या सकाळच्या पाळीच्या मुख्य बाई, ज्यांना सगळे स्वयंपाकघर ‘मॅम’ म्हणे, त्या दिवशी सुटीवर होत्या. नमुना मी केला.

तो नमुना फसला. ग्रेव्ही पांढरीच राहिली पाहिजे या धास्तीने मी बटरमध्ये मैदा जेमतेम मिनिटभर परतला, दूध ओतले, मीठ-मिरी घातली. गुठळी एकही नव्हती, रंग दुधासारखा होता आणि चव अगदी खळीची होती. पतंगाला कागद चिकटवायला ती उत्तम चालली असती. बिस्किटांची तऱ्हा वेगळी नव्हती. पोळ्यांची कणीक तिंबण्याची सवय असलेल्या माझ्या हातांनी ते पीठ चांगले मळले आणि भट्टीतून आले ते ठोकळे. वधूच्या आईने अर्धे बिस्किट सभ्यपणे संपवले, मिरी थोडी वाढवता येईल का असे विचारले आणि सूर्य कलायच्या आत ती निघून गेली. आता रविवार उजाडेपर्यंत तिला पुन्हा काही दाखवता येणार नव्हते.

शनिवारी पहाटे मी मॅमना झालेला प्रकार सांगितला. साठी ओलांडलेल्या या बाईंचा जन्म तिथल्याच डोंगराळ भागातला. त्या आधी मनसोक्त हसल्या आणि मग म्हणाल्या, “सॉसेजवाचून ग्रेव्ही? हनी, ती आम्ही लहानपणी महिनाअखेरीला खायचो, घरातलं मांस संपलं की. पैसे मोजून कोणी ती मागेल असं वाटलं नव्हतं.” त्यांच्या दृष्टीने ते गरिबीचे अन्न होते, म्हणूनच इतक्या वर्षांत त्यांनी ते हॉटेलात एकदाही केले नव्हते, पण हाताला विसर पडला नव्हता. नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला शेगडीपाशी उभे केले.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की सॉसेज काढून घेतले की त्याच्याबरोबर नुसते मांस जात नाही, तर त्यातला सेज हा सुगंधी पाला, तिखट, मिरी आणि भांड्याच्या तळाशी लागलेली खरपूड, असे सगळेच जाते, आणि ही भरपाई मैदा आणि बटर यांनाच करावी लागते. बटर वितळून त्याचा फेस बसू लागला की सेजची पाने आणि चिमूटभर लाल मिरचीचा चुरा त्यात सोडायचा, पाने कुरकुरीत झाली की काढून बाजूला ठेवायची, आणि मग मैदा. तो मंद आचेवर सतत हलवत राहायचा. “कुठपर्यंत?” मी घड्याळाकडे पाहत विचारले. त्यांनी माझी मान धरून भांड्यावर वाकवली. पाचेक मिनिटांनी कच्च्या पिठाचा वास गेला, आणि नंतर जो वास आला तो मला कोणी शिकवायची गरज नव्हती; लाडवांसाठी कणीक तुपात भाजताना आमच्या घरभर पसरणारा तोच वास. रंग हस्तिदंती झाला होता, तपकिरी नव्हे. तिथे दूध, तेही गरम करून, थोडे थोडे. शेवटी वाटते त्याच्या दुप्पट मिरी. उतरवताना ग्रेव्ही पातळच हवी, कारण वाढपाच्या टेबलावर गरम राहता राहता ती आपोआप दाटते.

बिस्किटांचे पीठ वेगळे असते, हेही मला तेव्हाच कळले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्वयंपाकिणी व्हाइट लिली या ब्रँडचे पीठ वापरतात. १८८३ मध्ये नॉक्सव्हिल शहरात सुरू झालेला हा ब्रँड मऊ जातीच्या हिवाळी गव्हाचा मैदा विकतो आणि त्यात प्रथिने आठ-नऊ टक्क्यांच्या आसपासच असतात. चिवटपणा जितका कमी, तितके बिस्किट हलके. ज्या गुणासाठी आपण पोळीचा गहू निवडतो, नेमका तोच इथे दोष ठरतो. मॅम एरवी डुकराची चरबी वापरत. या खेपेला गोठवलेले बटर किसणीवर किसून पिठात मिसळले, थंडगार दाट ताक ओतले आणि काट्याने दहा-बारा वेळा फिरवून गोळा ओट्यावर पालथा केला. “मळू नकोस. त्याला हात लागलाय हे कळूसुद्धा देऊ नकोस.” तीन घड्या घालून, बोटभर जाड थापून साच्याने सरळ खाली दाबून कापायचे, साचा फिरवला तर कडा मिटतात आणि बिस्किट एका बाजूला कलते. तव्यात ती एकमेकांना खेटून लावायची, म्हणजे आडवी पसरायला जागा न मिळाल्याने वर चढतात. भट्टी ४७५ फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे २४५ सेल्सिअस.

तव्यावरून मात्र आमचे वाजले. मॅमचे तवे बिडाचे होते. चॅटनूगापासून तासाभराच्या आत असलेल्या साउथ पिट्सबर्ग या गावी १८९६ पासून बिडाची भांडी ओतणारी लॉज ही कंपनी आहे, आणि त्या भागात असा तवा आजीकडून नातीकडे जातो. या तव्यांवर कित्येक वर्षे बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप, तळले गेले होते, तेच त्यांचे तेज होते. मी म्हणालो, “मॅम, हे चालणार नाहीत.” त्यांना तो तव्याचा अपमान वाटला. आमच्या घरी श्रावणात आजीच्या स्वयंपाकाची भांडी, पळ्या आणि फडकीसुद्धा वेगळी निघत आणि आम्ही मुले त्या सोवळ्याची टिंगल करत असू, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, तवे उचलले आणि स्टीलचे ट्रे पुढे सरकवले.

रविवारी पहाटे चारला कामाला लागलो. शहाण्णव बिस्किटे कापून तयार ठेवली. ग्रेव्हीसाठी पाच लिटर दूध, सहाशे ग्रॅम बटर, सव्वातीनशे ग्रॅम मैदा. सहाच्या सुमारास ती अशी झाली होती की मी स्वतःवर खूश होतो. शेजारच्या शेगडीवर इतर पाहुण्यांसाठीची सॉसेजची ग्रेव्ही होती, आणि ती सांभाळणारा मुलगा अंडी आणायला गेला असताना ती तळाला लागू लागलेली दिसली, म्हणून मी दोन-चार वेळा ढवळून दिली. दहा मिनिटांनी चव पाहण्यासाठी माझ्या भांड्यातली ग्रेव्ही बशीत घेतली, तेव्हा मिरीच्या काळ्या कणांमध्ये एक तपकिरी कण दिसला. तो मी दोन बोटांत दाबला. मिरी असती तर कचकन फुटली असती. तो दबला आणि बोटांना स्निग्ध ओल लागली. हातातला डाव तोच होता, ज्याने मी शेजारचे भांडे ढवळले होते.

आजीच्या सोवळ्याची कथा आदल्या दिवशी सांगणारा मी, आणि हे माझ्याच हातून! तो एकच कण उचलून टाकला असता तर पृथ्वीतलावर कोणाला कळले नसते, हा विचार मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. तो आला आणि चांगला अर्धा मिनिट टिकला. मग मी मॅमना बशी दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझे भांडे उचलले आणि पाचही लिटर सॉसेजच्या ग्रेव्हीत ओतून मोकळ्या झाल्या. “आता वेळ नाही, रडायलासुद्धा,” एवढेच म्हणाल्या.

वेळेपेक्षा मोठी अडचण दुधाची होती. रविवारी दूधवाला येत नाही, आणि ओटमील व सिरियलसाठी राखलेले बाजूला काढल्यावर अर्धा गॅलन, म्हणजे दोन लिटरही धड नाही, एवढेच उरले. कॉफीसाठीच्या हाफ-अँड-हाफचे, म्हणजे निम्मे दूध आणि निम्मी साय अशा मिश्रणाचे, एकेक क्वार्टचे, म्हणजे जवळजवळ लिटरभराचे, दोन डबे होते. ते दुधात मिसळून उरलेली भरती गरम पाण्याने केली. स्निग्धांश साधारण जुळला, उलट थोडा वाढलाच. नवे भांडे, नवा डाव, आणि तो डाव सापडू नये म्हणून मी चक्क एप्रनच्या दोरीत खोवून ठेवला. मैदा भाजताना मात्र घाई केली नाही, कारण शुक्रवारची खळ जिभेवर अजून होती. सात वाजून वीस मिनिटांनी भांडे टेबलावर गेले आणि बिस्किटांचा पहिला ट्रे भट्टीतून निघाला. दीड इंच तरी वर चढली होती आणि कडेला घड्यांच्या रेषा वहीच्या पानांसारख्या मोजता येत होत्या.

एका वृद्ध गृहस्थांनी वाढून घेण्याआधी विचारले, यात चरबी नाही ना? मी सांगितले, बटर आहे, दुसरे काही नाही. आणि हे वाक्य उच्चारताना मला जेवढे हलके वाटले तेवढे त्या आठवड्यात कधी वाटले नव्हते. मी पुण्याचा हे कळताच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “स्पायसर!” औंध रस्त्यावरच्या त्या कॉलेजच्या फाटकासमोरून मी कितीतरी वेळा सायकलने गेलो होतो, पण ते याच पंथाचे असल्याचे मला टेनेसीत कळले. वधूच्या आईने दोनदा वाढून घेतले आणि मिरीविषयी काही विचारले नाही.

नऊनंतर टेबल आवरताना भांड्याच्या तळाशी दोन-तीन डाव ग्रेव्ही उरली होती. मॅमनी त्यातली थोडी एका बिस्किटावर घेतली, खाल्ली आणि मान हलवली. मग शेजारच्या ट्रेमधून सॉसेजचा एक तुकडा उचलून तो तिच्यावर कुस्करला आणि बाकीची बशी उभ्याउभ्याच साफ केली.