ही रेड वाइन गेलेली नाहीये, थांब जरा

पहिल्यांदा ग्लासात ओतली तेव्हा मला खरंच वाटलं बाटली खराब झालीये. रेड म्हटलं की आपल्या डोक्यात गडद जांभळं काहीतरी असतं आणि ही तर विटकरी, कडेला जवळजवळ नारिंगी, वास पण ताज्या फळाचा नाही, सुकलेलं फळ, चामडं, खूप दिवसांनी जुनं लाकडी कपाट उघडल्यावर येतो तसला. मित्राला म्हटलं अरे उतरलीये ही, तर तो म्हणाला अर्धा तास थांब. थांबलो. मग मी गप्प बसून पीत राहिलो (तो बोलतच होता).

स्पेनमधल्या रिओखा भागाची वाइन, लोपेस दे एरेदिया कुटुंबाची विन्या तोंदोनिया. तेव्हापासून या लोकांबद्दल मिळेल ते वाचायचं वेडच लागलंय.

१८७७ ची वाइनरी, आरो गावात, रेल्वे स्टेशनच्या वस्तीत. त्या काळात फ्रान्सच्या बागा फायलोक्सेरा नावाची मुळांवरची बारीक कीड फस्त करत होती, म्हणून तिथल्या बोर्दोचे व्यापारी माल शोधत इकडे यायचे आणि स्टेशन जवळ असलं की पिंपं थेट गाडीत चढवता यायची. पुढे ती कीड रिओखातही पोचलीच म्हणा, मग सगळीकडे ही कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं आली. तोंदोनियाचा मळा त्यानंतरचा, १९१३-१४ मध्ये लावलेला, एब्रो नदीच्या वळणात, साधारण १०० हेक्टर. मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो, जोडीला गार्नाचा, ग्रासियानो आणि माथुएलो.

जुन्या वेली म्हणजे मांडव वगैरे विसरा. ठेंगणं गाठाळलेलं खोड, वर पसरलेले चार हात, झुडूपच दिसतं, त्यामुळे मशीन चालत नाही, तोडणी हातानेच. घड कमी लागतात आणि बऱ्याचदा मणीही लहान, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रेडचा रंग, टॅनिन (तोंडाला जाणवणारा तुरटपणा) सगळं सालीतूनच येतं. पण एकरी माल बघितला तर तोट्याचाच धंदा. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात सरकारनेच पैसे देऊन वेली उपटायला लावल्या होत्या, त्यात कितीतरी म्हाताऱ्या वेली गेल्या, आणि आज त्याच भागातल्या बरोसात १२५ वर्षांवरच्या वेलींना 'अ‍ॅन्सेस्टर', म्हणजे पूर्वज, म्हणून मान आहे. ज्यांनी उपटल्या नाहीत त्यांना तेव्हा शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं असणार. (लेबलवरच्या 'ओल्ड व्हाइन्स'वर मात्र लगेच भुलू नका, बऱ्याच देशांत किती वर्षांची वेल म्हणजे ओल्ड याला कायदाच नाही. आणि मराठीत व्हाइन आणि वाइन बोलताना सारखंच होतं, त्यामुळे मी आधी समजलो होतो की वाइनच जुनी आहे.)

मला सगळ्यात भारी वाटतं ते तळघर. पिंपं हे लोक स्वतःच्याच कारखान्यात बनवतात, अमेरिकन ओकची, आणि जुनी झाली की फेकत नाहीत, दुरुस्त करून वापरतात, म्हणून वाइनला नव्या लाकडाचा तो व्हॅनिलाचा मारा नसतो. गाळ खाली बसला की वाइन हळूच दुसऱ्या पिंपात, वर्षातून दोनदा, हाताने. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक. जाळी झाडत नाहीत कारण कोळी कॉर्क पोखरणारे पतंग खातात, हे वाचून मी आमच्या पोटमाळ्याकडे जरा आदराने बघितलं.

रिओखाच्या नियमाने रिझर्वाला (जास्त मुरवलेल्या वाइनचा दर्जा) एकूण ३ वर्षं पुरतात, त्यातलं १ पिंपात. हे लोक तोंदोनिया रिझर्वा ६ वर्षं नुसती पिंपात ठेवतात आणि ग्रान रिझर्वा (त्याहून वरचा दर्जा) १० च्या आसपास, वर बाटलीतली वर्षं वेगळी. म्हणजे माल तयार, पैसा अडकलेला, आणि विकायचं नाही! शेअरहोल्डर असते तर पहिल्याच मीटिंगमध्ये बोंब मारली असती, घरचा धंदा आहे म्हणूनच चाललंय. अगदीच जुनाट आहेत असंही नाही हं, विक्रीचं दालन प्रसिद्ध आर्किटेक्ट झाहा हदीदकडून करून घेतलंय, आत १९१० च्या ब्रसेल्स प्रदर्शनातला त्यांचा लाकडी स्टॉल ठेवायला.

कुणाला अशी जुनी बाटली मिळालीच तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो. आणि कॉर्क सावकाश काढा, माझा अर्धा तुटून आत पडला आणि शेवटी चहाच्या गाळणीने गाळून प्यायलो, मित्र अजून बोलून दाखवतो.